सज्जनाची गाडी

“बॅटरी हलतेय,” तपासणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि समोरच्याचा विश्वास बसणार नाही हे गृहीत धरून त्यांनी ती दोन बोटांनी पुन्हा हलवून दाखवली. हलत होती. डुगडुगत होती म्हटलं तरी खोटं झालं नसतं. बॉनेटखाली वाकल्यावर त्याला आपलीच करामत दिसली. मागे कधीतरी बॅटरी बदलताना तिच्यावरची पट्टी तुटली होती, तेव्हा त्याने दुकानातली, चष्म्यांची पार्सलं बांधायची नायलॉनची दोरी दोन वेढे देऊन गुंडाळली होती, गाठ मारली होती, चालून जाईल म्हणून झाकण लावलं होतं, आणि विसरून गेला होता. चालूनही गेलं होतं. आठवडाभर त्याने गाडी धुतली, चाकांत हवा भरली, मागच्या डिकीतला सगळा पसारा काढून घरी ठेवला, काचा तर अशा पुसल्या की गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्याही पुसल्या नसतील. फक्त तेवढं एक झाकण उघडून बघितलं नाही. “अहो, पण दोरी आहे ना,” तो म्हणाला. “दोरी आहे,” बाई म्हणाल्या, “पण बॅटरी हलतेय. वळणात उडून पडली तर? ही गाडी आज शर्यतीत नाही उतरवता येणार. जरा बाजूला घ्या, मागच्यांना पुढे येऊ दे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. त्याने गाडी बाजूला घेतली आणि आत तसाच बसून राहिला.

पटांगण जुन्या गोदामांच्या मागे होतं. कधीकाळी तिथे मालाचे ट्रक वळत असतील. आता सिमेंटच्या फटींतून गवत आलं होतं आणि कुणीतरी सकाळीच येऊन नारिंगी कोन मांडून ठेवले होते, इकडे जोडीने, तिकडे एका ओळीत, मधूनच एखादा मुद्दाम आडवा पाडलेला. आडवा कोन म्हणजे बाण, त्याचं टोक असेल तिकडे वळायचं, हे लेकीने त्याला फोनवर समजावलं होतं. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोनांमधून वाट काढत शेवटच्या जोडीपर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, यायचं, कोन पडला की दंड, वाट चुकली की फेरी बाद. कुणाला मागे टाकायचं नसतं, कुणी अंगावर येत नसतं. “म्हणजे भांडायला समोर कुणीच नाही?” त्याने विचारलं होतं, आणि ती हसून म्हणाली होती, “म्हणून तर तुला सांगतेय, बाबा.” हे हसणं त्याने नंतर बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं. पुढच्या महिन्यात इथेच जोडीची शर्यत होती. एकच गाडी, एकाच घरातली दोन माणसं, दोघांच्या वेळांची बेरीज. गेल्या वर्षी तिची जोडी तिच्या आईच्या नवऱ्याबरोबर होती. यंदा आपण जाऊ या का, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. सहज विचारता यावं म्हणून आधी दुकानाच्या आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. “बघू,” ती म्हणाली. “आधी तू एकदा चालवून तर बघ.” त्या ‘बघू’वर तो तग धरून होता. एकाच घरातली दोन माणसं: ते एक वाक्य त्याला हवं होतं, कुणीतरी कर्ण्यावरून वाचून दाखवलेलं, त्याचं आणि तिचं. बाकी त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“माझी घ्या ना,” सज्जन म्हणाला, लेकीच्या आईचा नवरा. तो केव्हा खिडकीपाशी येऊन उभा राहिला ते कळलंही नव्हतं. हा माणूस पायसुद्धा वाजवायचा नाही. “एक गाडी दोघांनी चालवली तर चालतं इथे. तुमची फेरी झाली की माझी, माझी झाली की तुमची. मधे वेळ देतात.” सज्जनाचं खरं नाव त्याला माहीत होतं, चष्म्याच्या पाकिटावर त्यानेच ते लिहिलं होतं, पण मनातल्या मनात तो त्याला सज्जनच म्हणायचा, कारण इतक्या वर्षांत त्या माणसाने एक शिवी घालता येईल एवढीही जागा ठेवली नव्हती. सज्जनाच्या मागे लेक उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर ती काळजी होती जी तिच्या आईच्या चेहऱ्यावर असायची, आता हा काय बोलतो याची. तो म्हणाला, “तुमच्या गाडीला काही झालं तर?” “गाडीच आहे,” सज्जन म्हणाला. नाही म्हणावं तर लेकीसमोर रडका ठरणार, हो म्हणावं तर याचं मीठ खाल्लं. त्याने हो म्हटलं. “खारू, तू बसशील ना शेजारी?” त्याने विचारलं. “बसते. पण बाबा, इथे खारू नको ना,” ती हळूच म्हणाली.

खारू हे नाव त्याने ठेवलेलं. दुधाचे दात पडून नवे आले तेव्हा तिच्या पुढच्या दोन दातांनी एकमेकांवर चढाई केली होती, अगदी त्याच्यासारखी. आरशात दोघे शेजारी उभे राहून ओठ वर करून बघायचे, आणि बाप कोण हे सांगायला दुसरा पुरावा लागला नसता. बायको म्हणायची, मुलीची जात आहे, दाखवून घेतलं पाहिजे. आणि त्याच सुमारास दुकानात एक दातांचा डॉक्टर आला, चष्मा करायला. त्याला खुर्चीत बसवून, डोळ्यांसमोर ती जड चौकट लावून तो एकेक भिंग बदलत राहिला. हे बरं, की आधीचं? आणि आता? हे बरं, की आधीचं? लोक या प्रश्नाला कंटाळतात, काहीतरी ठोकून देतात. हा माणूस दर वेळी नीट बघून, विचार करून उत्तर देत होता. रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, माणूस मोठा चांगला आहे, आवाज इतका मऊ की समोरचा आपणहून तोंड उघडेल, खारूला तिकडेच ने. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंड्याची शिफारस करणारा तो एकटाच असावा. मुलीचे दात सरळ होत गेले तसा संसार वाकडा होत गेला. चोरून काही झालं नाही, सज्जनांच्या हातून तसं होत नाही. बायकोनेच एका सकाळी समोर बसून सांगितलं, न रडता. “तू सगळं दोरीने बांधतोस,” ती म्हणाली. “गळका नळ, कपाटाचं दार, मला दिलेला शब्द. बसवत काहीच नाहीस. मी दमले.” आज त्या तपासणीच्या बाईंनी बॅटरीला बोट लावलं तेव्हा त्याला क्षणभर वाटलं की त्यांना हिनेच पाठवलंय.

फेऱ्या सुरू होण्याआधी वाट पायी बघायची असते. तिघे निघाले, लेक पुढे, सज्जन तिच्या बरोबरीने, तो अर्धं पाऊल मागे. कोनांमधून माणसं अशी गंभीरपणे चालत होती की एखाद्याला वाटावं, इथे काहीतरी हरवलंय. “जवळच्या कोनाकडे बघायचंच नाही,” सज्जन सांगत होता. “आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. हा कोन गेला असं समजा, पुढचा बघा. पुढच्यावर पोचायच्या आधी त्याच्या पुढचा.” डोळ्यांच्या माणसाला कुठे बघायचं ते दातांचा माणूस शिकवत होता. “ब्रेक सरळ रेषेतच संपवायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक लावला की गाडी रुसते. आत शिरताना हळू, बाहेर पडताना जोर. दुसऱ्या गिअरवर टाकायची आणि गिअर विसरून जायचा.” तो हं हं करत होता. सल्ला खोटा असता तर बरं झालं असतं, पण प्रत्येक शब्द खरा होता हे त्याला चालताचालताच कळत होतं, आणि तेच डाचत होतं. ओळीत मांडलेल्या कोनांपाशी लेक थांबली आणि तिने हवेत दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं, डावं, उजवं, डावं. “इथे नागासारखं जायचं, बाबा. घाई केलीस की तिसऱ्याला अडकशील.” तिने आणि सज्जनाने एकाच वेळी मान हलवली. सवयीने हलतात तशा, दोघांच्या माना.

गाडी लहान होती, हलकी, आणि आत कशाचाही वास नव्हता. त्याच्या गाडीत जुन्या पायपुसण्याचा, सांडलेल्या कॉफीचा, त्याचा स्वतःचा वास असायचा. ही गाडी दात घासून बसल्यासारखी. उधारीचं हेल्मेट डोक्यावर दाबून तो आत शिरला तर गुडघा थेट स्टिअरिंगखाली. उंचीने दोघे सारखेच, पण सज्जन शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ताठ आणि पुढे बसत असणार. त्याने सीटखाली हात घातला, कडी ओढली आणि सीट सरसर मागे नेली. पाठ कलती केली. आरसाही फिरवला. “बाबा, सीट पुढेच राहू दे,” शेजारून लेक म्हणाली. “क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा वाकलेला हवा. आणि हात लांब केलास की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे.” “मला अशीच सवय आहे.” “हो, पण ही गाडी...” “खारू, तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी.” ती खिडकीबाहेर बघू लागली. ते बाहेर बघणं त्याच्या ओळखीचं होतं. तिला गाडी शिकवायची म्हणून रविवारी ती त्याच्याकडे यायची तेव्हा तो तिला नेत असे, आणि दुसऱ्याच चौकात त्याचा आवाज चढत असे. क्लच सोड, सोड म्हणतोय ना, हळू, अगं हळू, गाडी मोडायचीय का! एका रविवारी तिने सिग्नलला गाडी उभी केली, किल्ली काढून त्याच्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि चालत आईच्या घरी गेली. मागे हॉर्नांचा गोंगाट. पुढे ती गाडी शिकली, उत्तम शिकली. कुणाकडून ते विचारायची गरज नव्हती.

“घाई नाही,” ती आता म्हणत होती. “एक मोठा श्वास घे. तयार झालास की निघ, घड्याळ आपण रेषा ओलांडल्यावर सुरू होतं.” शब्द तिचे होते, पण ठेवण, ती प्रत्येक वाक्यानंतरची छोटी थांबण्याची जागा, ती दवाखान्यातल्या खुर्चीपाशी ऐकू येते तशी. आता जरा बोचेल हं, की झालं. त्याने क्लच सोडला. त्याच्या गाडीचा क्लच अर्ध्यावर पकडायचा, हिचा अगदी तळाशीच पकडायचा. गाडी एक गचका देऊन बंद पडली. रेषेवरच्या निशाणवाल्याने मान फिरवली. पुन्हा चालू केली, निघाला, आणि पहिल्या वळणाआधी ब्रेकवर नेहमीसारखा पाय ठेवला तर गाडीने जागच्या जागी मुंडी खाली घातली, दोघांची हेल्मेटं पुढे गेली. या ब्रेकला नुसतं विचारायचं होतं, त्याने दरडावलं होतं. मग तो घाबरून बोटांच्या टोकांनी ब्रेक लावू लागला, आणि सीट मागे असल्यामुळे पाय धड पोचेना, अंग वळणात घसरू लागलं, तो स्टिअरिंगला धरून लोंबकळू लागला. तरीही फेरी निभावली असती. पण कोनांच्या ओळीत शिरताना त्याची नजर खाली गेली, शेजारी, तिच्या पायांकडे. तिचा पाय ब्रेक दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता, नुसती चटई होती, आणि तिचा बूट चटईवर आवळून दाबलेला, घोट्याची शीर वर आलेली. बोलत ती शांतपणे होती: छान, पुढचा बघ, छान. त्याला पुढचा कोन दिसलाच नाही. मग धप्प, आणि मग खालून कर्रर, एक कोन गाडीखाली अडकून शेवटच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर आला. कर्ण्यावरून त्याची वेळ वाचली गेली आणि मग दंड, आणि कुणीतरी हसलं, वाईट नव्हे, असंच. “पहिलीच होती रे,” ती हेल्मेट काढत म्हणाली. “माझ्या पहिल्या फेरीत मी चार पाडले होते. काका म्हणाले, पाडल्याशिवाय कळत नाही कुठे आहेत ते.” काका म्हणजे सज्जन.

सज्जनाच्या फेरीला ती पुन्हा शेजारी बसली. बसायची गरज नव्हती. पण तिला आवडतं, असं सज्जनच म्हणाला, माफी मागितल्यासारखं. खाली राहिलेला तो दोरीपलीकडे त्यांचा थर्मास हातात धरून उभा राहिला, कुणीतरी दिला म्हणून. गाडी निघाली तेव्हा तीच गाडी आहे हे पटेना. ती ओरडत नव्हती, धडपडत नव्हती, नुसती इकडून तिकडे जात होती, कोनांच्या इतक्या जवळून की ते थरथरत, पण पडत नव्हते. दोरीजवळच्या वळणावर ती समोरून गेली आणि हेल्मेटच्या चौकटीत त्याला लेकीचं तोंड दिसलं. हसत होती. सगळे दात दिसत होते, एका रांगेत, एकसारखे, सज्जनाने वर्षभर तारा आवळून आवळून लावलेले. पाय दिसत नव्हते, पण ते कसे असतील ते त्याला न बघता कळलं: सैल, एकावर एक टाकलेले, घरी कोचावर असतात तसे. मत्सर म्हणतात तो हाच, त्याने स्वतःला सांगितलं. नाव कळलं म्हणून तो कमी झाला नाही. एवढीशी असताना त्याच्या गाडीत मागे झोपायची ती, वळणावर डोकं काचेवर आपटायचं आणि तरी जाग यायची नाही. तेव्हा तो काही चांगली गाडी चालवत नव्हता. आजच्याइतकीच वाईट चालवत असेल. तिला ते कळायला लागलं, एवढंच काय ते मधे झालं.

“या वेळी येऊ का बरोबर?” तिने विचारलं. “नको,” तो म्हणाला. तिला वाटलं असेल रागावला. रागावला नव्हता, तिचा तो बूट पुन्हा बघायची छाती नव्हती. सज्जन गाडीतून उतरला, दार उघडं धरून बाजूला झाला, आणि तो आत बसला तर सीट पुन्हा पुढे, पाठ ताठ, आरसा तिसरंच काहीतरी दाखवणारा. साहजिकच होतं, सज्जनाने आपली लावून घेतली होती. त्याचा हात खाली कडीकडे गेला, तेवढ्यात निशाणवाला हात हलवू लागला, चला, चला, आधीच उशीर झालाय. मरू दे, म्हणून त्याने हात वर घेतला. क्लच पूर्ण दाबला. गुडघा वाकलेलाच राहिला. हात लांब केला. मनगट माथ्यावर टेकलं. पाठ मागे चिकटली होती आणि सीटचा खोलगट भाग त्याला दोन्ही बाजूंनी धरून होता. बसायला दुसऱ्या कुणाची तरी जागा, पण अंग कुरकुरत नव्हतं. क्लच तळाशी पकडतो हे आता पायाला माहीत होतं. गाडी निघाली.

ब्रेक एकदाच, सरळ रेषेत, आणि सोडला. वळणात पाय हलका. गाडी आत शिरली आणि स्वतःहून बाहेर आली, आणि त्याला आश्चर्य करायला वेळ मिळाला नाही, कारण तोवर नजर पुढच्या कोनावर गेली होती. पुढचा बघा, त्याच्या पुढचा. तो मऊ आवाज डोक्यात बोलत होता आणि तो ऐकत होता. वर्षानुवर्षं ज्या आवाजाचा त्याला तिटकारा होता त्याचं मुकाट्याने ऐकण्यात एक अजब सुख होतं, खुर्चीत मान टाकून तोंड उघडण्यासारखं. आडवा कोन, उजवीकडे. आता ओळ. डावं, उजवं, तिसऱ्याला घाई नको, डावं, उजवं. कोन खिडकीजवळून निघून जात होते आणि त्याने एकाकडेही बघितलं नाही. डोकं रिकामं झालं. बायको नव्हती, दुकान नव्हतं, दोरी नव्हती. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याने पाय पूर्ण दाबला आणि तो मोठ्याने ओरडला, काय ते त्यालाही कळलं नाही. फाटक मागे गेलं. त्याला एकच गोष्ट वाटली, लहान मुलासारखी: तिने बघितलं असेल. बघितलं असू दे.

तिने बघितलं होतं. ती दोरीखालून वाकून पळत आली, गाडी धड थांबायच्या आधीच दार उघडून तिने त्याच्या हेल्मेटवर दोन्ही हात आपटले. कर्ण्यावर वेळ वाचत होते, एकही दंड नाही, नवख्यांमध्ये सगळ्यात पुढे. “बाबा!” ती म्हणाली. डोळे चमकत होते, मनापासून, इतक्या वर्षांत त्याच्यासाठी चमकले नव्हते तसे. “बाबा, अगदी काकांसारखी चालवलीस! मी म्हटलंसुद्धा, काका, हे बघा, तुम्हीच चाललाय की काय!” मागे सज्जन टाळ्या वाजवत होता. खोट्या नव्हत्या. “खरंच,” तो म्हणाला, “कोनांच्या ओळीत तर मी अवाक झालो.” त्याने हेल्मेट काढलं. कान गरम झाले होते. “मग जोडीचं काय?” त्याने विचारलं, सहज विचारल्यासारखं, या वेळी आरसा नव्हता तरी जमलं. “अरे, तेच सांगणार होते!” ती म्हणाली आणि तिने त्याचा दंड धरला, लाडाने, लहानपणी धरायची तसा. “आम्ही ऐन वेळी अडकतो ना, काकांचा दवाखाना असतो, एखादा पेशंट येतो, मग माझी शर्यतच जाते. आता मला टेन्शनच नाही. काकांना जमलं नाही तर तू आहेस. तीच गाडी, तसंच चालवणार, कुणाला फरकही कळायचा नाही.” ती हसली. सगळे दात दिसले.

“आहे की,” तो म्हणाला. “मी कुठे जातोय.” आवाज त्याने घट्ट बसवला होता, जराही हलला नाही. सज्जनाने त्याच्याकडे बघितलं, त्याला कळलं असावं. अशा माणसांना कळतं, हाच तर त्यांचा त्रास. पण निशाणवाला पुन्हा हात करत होता, आता सज्जनाची दुसरी फेरी होती. तो गाडीतून उतरला आणि दार धरून उभा राहिला. “सीट तेवढी लावून घ्या तुमची,” सवयीने बोलून गेला. सज्जन आत बसला, सीटखाली हात नेला, क्षणभर थांबला. मग हात तसाच रिकामा वर आला, त्याने पट्टा लावला, लेकीने पलीकडचं दार ओढून घेतलं आणि गाडी निघाली. काहीच हलवावं लागलं नाही.